शालीवरचा बुक्का

१

गोदामाचं कुलूप जसंच्या तसं होतं. प्रतापरावांनी ते हातात धरून ओढून पाहिलं. मग यशवर्धनने खिशातली किल्ली लावली, कडी सरकवली, आणि दोघेही उंबऱ्यावरच थांबले.

काल संध्याकाळी इथे छातीएवढे गठ्ठे रचून ठेवले होते. आता नुसती फरशी होती, आणि फरशीवर सुतळीचा एक तुकडा.

बाहेर ट्रक उभा होता, किल्लारीला जायला निघालेला. अनंत चतुर्दशीच्या रात्री सगळं इंदूर मिलच्या झांक्या, गणपतीच्या मिरवणुकीतले ते चित्ररथ, बघायला रस्त्यावर जागत होतं, आणि त्याच रात्रीच्या शेवटी तिकडे लातूरच्या बाजूला गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. मिरवणुकीहून परतलेल्यांनी पाय धुवायच्या आतच रेडिओवर ती बातमी ऐकली. मग व्यापाऱ्यांनी मदत समिती केली. कुणी कंदील दिले, कुणी स्टोव्ह, कुणी भांडी. बंद पडलेल्या नर्मदेश्वर मिलचे मालक यशवर्धन सरनोबत यांनी चादरी जाहीर केल्या. पेपरात त्यांचा फोटोही आला.

आणि आता त्या चादरीच नव्हत्या.

"गजानन!" प्रतापराव ओरडले. समितीचे प्रमुख ते. राजवाड्याजवळ त्यांचं चादरी-कांबळ्यांचं दुकान. "काय रे, रात्रभर तू इथेच होतास ना?"

"होतो."

"मग माल कुठे आहे?"

गजानन मिल चालू असताना मागावर होता. मिल बंद झाल्यावर फाटकाची चौकीदारी मिळाली आणि फाटकालगतची खोली. बायको गेल्यापासून त्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि तबल्याची जोडी, इतकंच. तो खाली बघत म्हणाला, "मला काही सांगता यायचं नाही."

"यायचं नाही म्हणजे? माहीत नाही, की सांगायचं नाही?"

"बघा," यशवर्धन म्हणाला. "मी कधीपासून म्हणून राहिलोय, या माणसाला इथून काढा. खोली खाली करा आणि पोलिसात द्या. खलास."

प्रतापरावांनी ट्रककडे पाहिलं, गजाननकडे पाहिलं. चांगला माणूस, कीर्तनात तबला वाजवणारा. "संध्याकाळच्या आरतीपर्यंत थांबू," ते म्हणाले. "तोवर माल आला तर ठीक. नाहीतर तू, तुझी खोली आणि तुझं नाव, तिन्ही गेलं समज."

गजाननने मान हलवली. म्हणाला, "तेवढं अरुंधतीबाईंना सांगा. आज तबल्याला दुसरं कुणी बघा म्हणावं."

२

अरुंधतीबाई छत्रीबागेत राहायच्या. मराठी शाळेच्या हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झाल्या, यजमान त्याच्या आधीच गेले, मुलगा नीरज बंगलोरला. घरात बोलायला कुणी नाही म्हणून त्या सकाळी पेटीशी बोलायच्या आणि संध्याकाळी देवळात बुवांच्या मागे बसून तीच पेटी कीर्तनाला वाजवायच्या. बुवांनी एकदा "जय जय रामकृष्ण हरी" म्हणून सूर लावला की बाईंना घर, कुलूप, रात्रीचं एका माणसाचं जेवण, कशाचीच आठवण राहत नसे.

मागे देवळातलं चांदीचं निरांजन हरवलं तेव्हा त्यांनीच, कुणाला न दुखवता, ते शोधून दिलं होतं. प्रतापराव निरोप द्यायला आले आणि खुर्चीत बसूनच राहिले, ते त्याचसाठी.

"किल्ल्या किती?" बाईंनी विचारलं.

"दोन. एक यशवर्धनच्या खिशात. काल संध्याकाळी तो पलासियाला, त्याच्या ऑफिसात, जमीन घेणाऱ्या पार्टीबरोबर बसला होता. चार माणसं साक्ष देतील. दुसरी तुकोगंजच्या बंगल्यात, त्याच्या आईच्या, अंबिकाबाईंच्या देवघरात. पण त्या तर कीर्तनात होत्या."

"आणि गजाननकडे?"

"फाटकाची फक्त. पण बाई, फाटकासमोर चहावाला बसतो. तो देवाशपथ सांगतो, काल ना गाडी गेली ना ठेला."

बाई हसल्या. "तुम्हीपण संशयितच की हो, प्रतापराव. चादरी गायब झाल्या तर नव्या तुमच्याच दुकानातून घ्याव्या लागतील."

"अरे देवा! मी तर कीर्तनात पहिल्या रांगेत होतो, तुमच्या डोळ्यांसमोर!"

"होतात. आणि घोरत होतात." बाई गंभीर झाल्या. "यशवर्धनला गजाननची खोली रिकामी हवीय, हेही खरं. फाटकावर माणूस राहतोय तोवर जमीन विकायला अडचण. पण गजानन गप्प का? खोटं बोलायचं असतं तर माणूस 'मला झोप लागली' म्हणाला असता. हा म्हणतो, सांगता यायचं नाही."

त्या उठल्या, पदर सारखा केला.

"काल तबला नव्हता म्हणून मला सगळंच सुनं वाटत होतं. पण आणखी काहीतरी खटकलं होतं. आरतीच्या वेळी. काय ते आठवत नाही."

३

मिलच्या आवारात शिरल्यावर माणूस आपोआप हळू बोलू लागतो. जिथे पूर्वी भोंगा वाजला की रस्ता माणसांनी भरायचा, तिथे आता कबुतरांच्या पंखांचा आवाज मोठा वाटतो.

गजानन खाटेवर बसला होता. बाई समोरच्या डब्यावर बसल्या.

"तबला उतरलाय का रे?"

"हो बाई. वादी ओढायला पाहिजे."

"तू गठ्ठे विकलेस?"

"नाही."

"कुणाला दिलेस?"

"नाही."

"मग?"

"बाई, तुम्ही विचारू नका. तुमच्यासमोर गप्प बसायला त्रास होतो."

बाई उठल्या. बाहेर येऊन त्या आवारात फिरल्या. प्रतापरावांच्या माणसांनी सगळ्या शेड उघड्या टाकल्या होत्या. शेवटच्या पत्र्याखाली यंदाची झांकी उभी होती. मिल बंद झाली तरी कामगारांनी घरोघर फिरून वर्गणी काढली आणि झांकी काढलीच. बांबू, पुठ्ठा आणि रंगीत कापडाचा अवाढव्य कुंभकर्ण, ट्रॉलीवर आडवा झोपलेला, अंगावर ढोल बडवणारी माकडं. मोटर लावली की त्याचं पोट वरखाली व्हायचं. मिरवणूक होऊन गेल्यावरही मोहल्ल्यातली पोरं यायची आणि गजानन त्यांच्यासाठी बटण दाबायचा.

"आज पोरं नाही आली?" बाईंनी लांबूनच विचारलं.

"आली होती. मोटर जळलीय, सांगितलं."

बाईंनी खाली पाहिलं. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी हीच ट्रॉली चौघांनी हसत-खेळत ढकलत फाटकापर्यंत नेली होती. त्यांनी स्वतः पाहिलं होतं. आता तिचे टायर चपटे होऊन मऊ मातीत रुतले होते.

पुठ्ठ्याच्या राक्षसाला एवढं वजन कुठून आलं?

माल कुठे आहे ते कळलं होतं. पण तेवढ्यावर गजानन सुटत नव्हता, उलट आणखी अडकत होता.

४

देवळात जनाबाई सभामंडप झाडत होती. कीर्तनाचा पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि मग बुक्क्याची वाटी घेऊन जनाबाई सगळ्या श्रोत्यांमधून फिरते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. पण कोण कुठे बसतं हे तिला पाठ. वाकते, बोट टेकवते, पुढे जाते.

"जनाबाई, काल सगळ्यांना बुक्का लावलास?"

"एक भी माणूस नाही सुटला, बाई."

"अंबिकाबाईंना?"

जनाबाईने झाडू थांबवला. "लावला ना. पण बाई, काल बाईसाहेब ताठ बसून राहिल्या. दर वेळी केवढी खाली मान करतात, मला हात उचलावा लागत नाही. काल नाही वाकल्या. मोठी माणसं! मी म्हटलं, असू दे, देवाचा बुक्का आहे, लागला तिथे लागला."

अरुंधतीबाई खाली सतरंजीवर बसल्या.

अंबिकाबाईंची जागा खांबापाशी. गुडघे धरतात म्हणून उंच पाठीची एक वेताची खुर्ची. बाईंना पेटीवरून खांबाआड खुर्चीची पाठ आणि मोतिया शालीची किनार एवढंच दिसायचं. मिल चालू होती तेव्हा त्या खुर्चीभोवती बायांची दाटी असायची. कुणाचं बारसं, कुणाची सोयरीक, सगळं तिथे सांगितलं जायचं. मिल बंद झाली, कामगारांची देणी लटकली, आणि खुर्चीभोवतीची सतरंजी हळूहळू रिकामी होत गेली. कुणी वाईट बोललं नाही. फक्त कुणी शेजारी बसत नव्हतं, आणि त्या बाजूला बघतही नव्हतं.

आणि मग आरतीच्या वेळी खटकलेली गोष्ट बाईंना आठवली. आरतीला अंबिकाबाई पुढे आल्या तेव्हा सगळ्या कपाळांवर काळा ठिपका होता. त्यांचं कपाळ कोरं होतं.

५

तुकोगंजच्या बंगल्यात पंख्याचा आवाज तेवढा होता. अंबिकाबाई दिवाणखान्यात एकट्या बसल्या होत्या. समोर चहाचा कप, वर साय धरलेली.

"या अरुंधतीताई. किती दिवसांनी या घरात कुणी आलं!"

त्यांनी स्वतः उठून पाट मांडला, लाडू आणले, पाणी आणलं, पुन्हा आणखी काय आणावं म्हणून उभ्या राहिल्या. बाईंना ते बघवेना.

"बसा हो. काल बुवांनी सुदाम्याचं आख्यान काय रंगवलं, नाही?"

"हो... बुवा नेहमीसारखेच." अंबिकाबाईंनी नजर वळवली.

तेवढ्यात यशवर्धन आत आला. "काय मास्तरीणबाई, चोर सापडला का?"

"शोधते आहे. तुम्ही ते गठ्ठे बांधल्यावर कुणी उघडले होते का?"

"नाही. मी कुणाला हातच लावू दिला नाही. आईचंही चाललं होतं, मिलमधून माल निघतो तर प्रत्येक गठ्ठ्यात अक्षता घालते म्हणून. बाबांच्या वेळची पद्धत म्हणे. मी म्हटलं, आई, पॅकिंग झालंय, आता उघडायचं नाही."

अरुंधतीबाईंनी मान हलवली. खुर्चीच्या पाठीवर मोतिया शाल टाकलेली होती. त्यांनी ती सहज उचलली, घडी करायला घेतली. किनारीच्या वर, उभ्या माणसाचं बोट पोचेल अशा जागी, एक काळपट ठिपका होता. त्यांनी शाल नाकाशी नेली. बुक्क्याचा वास.

"अंबिकाबाई," त्या हळूच म्हणाल्या, "ही शाल घेऊन माझ्याबरोबर मिलवर याल का? आरतीला अजून वेळ आहे."

अंबिकाबाईंनी शाल त्यांच्या हातातून घेतली आणि उठल्या.

६

झांकीपुढे सगळे उभे होते. प्रतापराव, यशवर्धन, ट्रकचा ड्रायव्हर. गजानन जरा मागे.

"गोदामाचं कुलूप तुटलं नाही," अरुंधतीबाई म्हणाल्या, "म्हणजे ते किल्लीने उघडलं. फाटकातून काही गेलं नाही, म्हणजे माल आत आहे. आणि हा पुठ्ठ्याचा कुंभकर्ण अचानक इतका जड झालाय की ट्रॉलीचे टायर बसले. ड्रायव्हरभाऊ, तेवढं पोटाचं कापड काढा."

ड्रायव्हर वर चढला. कापड फाडलं, आणि आतून गोणपाटाचा पहिला गठ्ठा धप्पकन खाली आला.

"म्हणजे गजाननच!" यशवर्धन म्हणाला.

"हात गजाननचे. पण किल्ली? काल संध्याकाळी एका किल्लीचा मालक पलासियाला, आणि दुसरीची मालकीण कीर्तनात. सगळ्यांनी त्यांना बघितलं. खरंच बघितलं का? मी खुर्ची बघितली आणि शाल बघितली. प्रतापराव, तुम्ही?"

प्रतापराव गोंधळले. "मी... त्या बाजूला... बघितलं नाही नीट."

"कुणीच बघत नाही. म्हणून कुणी उठून गेलं हे कुणालाच कळलं नाही. फक्त जनाबाईने बुक्का लावला, आणि तो खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या शालीला लागला."

पत्र्यावर एक कबुतर फडफडलं. अंबिकाबाई पुढे आल्या.

"चोरी मी केली," त्या म्हणाल्या. "गजाननला मी शपथ घातली होती. गाडी मला देवळात सोडून जाते आणि आरतीनंतर येते. तेवढ्यात मी सवारीच्या टेम्पोत बसून इथे आले. टेम्पोत कुणी मला ओळखलं नाही. बरं वाटलं. अक्षता घालायला एक गठ्ठा उघडला..."

अरुंधतीबाईंनी खाली पडलेल्या गठ्ठ्याची सुतळी सोडली.

आत चादरी नव्हत्या. पडद्याच्या कापडाचे तुकडे, पॉलिस्टरचे कापलेले काठ, डाग पडलेले, काही उंदरांनी कुरतडलेले.

यशवर्धनचा चेहरा उतरला. "डेड स्टॉक होता. सडूनच जाणार होता गोदामात. मतलब... कपडा तर कपडाच आहे ना! उघड्यावर पडलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"फरक पडतो, भिया," प्रतापराव हळू आवाजात म्हणाले. "माझा साडू आहे लातूरला. काल फोनवर रडत होता. म्हणाला, जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजून पडलेत, त्यांच्यावरून ट्रक जाताहेत. लोकं रात्री थंडीत शेकोटीला बसून सकाळ करतात. पांघरायला पाठवा म्हणाला, बाकी काही नको."

"तुम्ही त्यांना विचारलं होतं?" अरुंधतीबाईंनी यशवर्धनला विचारलं. "काय पाहिजे म्हणून?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"सुदाम्याचं फडकं फाटकं होतं हो," बाई म्हणाल्या. "पण आत पोहे होते. बायकोने शेजारून मागून आणलेले. इथे बारदान कोरं करकरीत, वर मिलचं नाव, आणि आत हे."

"यशच्या वडिलांनी कमावलेलं नाव," अंबिकाबाई म्हणाल्या. "ते त्या माणसांच्या दारात गेलं असतं, आणि दारच राहिलेलं नाही तिथे. मुलाला चारचौघांत उघडं पाडायचं धैर्य नव्हतं माझ्यात. वाटलं, माल हरवला असं होईल, नवा घ्यावा लागेल. गजाननवर येईल हे... माझ्या मनातच आलं नाही, ताई. एवढी साधी गोष्ट. आज सकाळपासून बसले होते, आता जाऊन सांगते, आता सांगते..."

गजानन पुढे आला. "बाईसाहेब, राहू द्या. माझी बायको आजारी होती तेव्हा डबा तुमच्याकडून यायचा."

"म्हणून तू तुरुंगात जाणार होतास?" अंबिकाबाईंनी विचारलं.

प्रतापरावांनी घसा खाकरला. "ट्रक थांबवू नका. कंदील, स्टोव्ह, भांडी भरलेली आहेत, ती जाऊ दे आत्ता. माझ्या दुकानातली कांबळी देतो बरोबर. आणि तुमचं काय, यशवर्धन?"

यशवर्धन गठ्ठ्याजवळ उकिडवा बसला होता. एक तुकडा हातात घेऊन बघत होता.

"चांगले तुकडे निवडले," अंबिकाबाई म्हणाल्या, "तर गोधडीत आतून थर द्यायला चालतील. वरून नवं सुती कापड. या मिलच्या मोहल्ल्यात घरोघर गोधड्या शिवणाऱ्या बाया बसून आहेत. शेड रिकामी आहे. यश, शेडमध्ये दिवे लाव. मजुरी रोजची रोज दे, उपकार म्हणून नाही, काम म्हणून. आणि फोटो नको."

"आणि कुरतडलेलं?"

"ते जाळ. आपल्या दारात जाळ."

यशवर्धनने हातातला तुकडा खाली ठेवला. मग गजाननकडे न बघता म्हणाला, "शेडची किल्ली तुझ्याकडेच ठेव. बायांना सकाळी कुणीतरी उघडून द्यायला लागेल."

७

गोधड्यांचा ट्रक दसऱ्याच्या सुमाराला गेला. शेडमध्ये तेवढे दिवस बायांचे आवाज होते, सुईत दोरा ओवायला मागितलेली मदत, एकमेकींच्या सासवांच्या नकला. मग ट्रक गेला आणि मिल पुन्हा गप्प झाली. जमिनीचा सौदा व्हायचा तो होणारच होता. कुंभकर्णाचे बांबू उतरवून ठेवले. पुढच्या वर्षी झांकी निघेल की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं.

त्या संध्याकाळी अरुंधतीबाई घराला कुलूप लावून देवळात आल्या. गजानन आधीच बसला होता, हातोडीने गट्टे ठोकत, तबला सुराला आणत.

"आज लवकर?"

"खोलीत करमेना."

"मलाही नाही करमत," बाई म्हणाल्या, आणि भाता उघडला.

अंबिकाबाई आल्या. खुर्ची कुणीतरी मांडून ठेवली होती. त्यांनी ती बाजूला केली आणि खांबाला धरून, गुडघे सांभाळत, खाली सतरंजीवर बसल्या. आजूबाजूची जागा नेहमीसारखी मोकळीच होती. बुवांनी नमन केलं, पूर्वरंग सुरू झाला. थोड्या वेळाने मोहल्ल्यातली एक बाई उशिरा आली, इकडेतिकडे बघितलं, आणि जागा मिळाली तिथे बसली. त्या मोकळ्या सतरंजीच्या अगदी कडेला. बोटांना सुईची भोकं होती.

पूर्वरंग संपला. जनाबाई वाटी घेऊन निघाली. खांबापाशी वाकली, आणि अंबिकाबाईंनी मान इतकी खाली केली की जनाबाईचं बोट आपोआप कपाळाला टेकलं.

अरुंधतीबाईंना मात्र ते नीट दिसलं नाही. मधे खांब होता. इतकी वर्षं तो तिथेच होता, आणि त्यांना कधी अडचण वाटली नव्हती.

उत्तररंगाला बुवा उभे राहायच्या आत त्यांनी पेटी उचलली आणि हातभर बाजूला सरकून बसल्या.

"काय झालं बाई?" गजाननने विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "इथून माणसं दिसतात."